वाचकांचे प्रश्न : जुन्या गोव्यातील फ्रान्सिस्कन मठ

मागील अंकात सोलापूरहून गोव्याला सहलीला जाणाऱ्या वाचकांसाठी जुन्या गोव्यातील वास्तूंची थोडक्यात ओळख करून दिली होती. त्यात असिसीच्या संत फ्रान्सिसचे चर्च आणि त्याला लागून असलेला मठ यांचा उल्लेख दोनच ओळींत आटोपला होता. त्या दोन ओळी अपुऱ्या होत्या, हे आलेल्या पत्रांवरून लक्षात आले. एकाच विषयावरची ही पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब जुने गोवे पाहिले. बरोबरच्या वाटाड्याने मोठी चर्चे दाखवली आणि एका इमारतीकडे बोट दाखवून "हे म्युझियम आहे, वेळ असेल तर बघा," एवढेच सांगितले. मी एकटीच आत गेले. मधला उघडा चौक, भोवतीच्या चारही बाजूंच्या पडव्या आणि वर जाणारा जिना पाहताना मला माझ्या आजोळच्या वाड्याची आठवण झाली. ही इमारत संग्रहालयासाठी बांधलेली वाटत नाही. ती मूळची कोणाची?
(एक निवृत्त शिक्षिका, बाळीवेस, सोलापूर)

उत्तर : आपले निरीक्षण अगदी बरोबर आहे. ती इमारत म्हणजे फ्रान्सिस्कन पंथाच्या साधूंचा मठ होय आणि शेजारचे पांढरे चर्च हे त्याच मठाचे चर्च आहे. आज दोन्हींच्या पाट्या वेगळ्या असल्यामुळे त्या दोन निरनिराळ्या वास्तू वाटतात, पण बांधणाऱ्यांच्या मनात ते एकच घर होते. चर्च हे त्या घराचे देवघर होते आणि मठ हा राहता भाग होता.

२५ नोव्हेंबर १५१० रोजी अफोन्सो द अल्बुकर्क याने विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवा दुसऱ्यांदा आणि कायमचा जिंकून घेतला. आपला भुईकोट किल्ला ज्या आदिलशाहीच्या आणि अहमदनगरच्या निजामशाहीच्या ओढाताणीत पुढे कित्येक वर्षे सापडला, तीच ही आदिलशाही. सात वर्षांनी, म्हणजे १५१७ मध्ये, पोर्तुगालहून आठ फ्रान्सिस्कन साधू गोव्यात उतरले. पोर्तुगीज गव्हर्नराने त्यांना मरण पावलेल्या एका ठाणेदाराची काही घरे राहण्यासाठी दिली. 'ठाणेदार' हा शब्द पोर्तुगीज दप्तरात 'तानादार' असा रुळला होता. जुन्या राजवटीची पदे आणि जुन्या राजवटीची घरे यांवरच नव्या राजवटीचा पहिला थर बसला, हे या एका शब्दात दिसते. त्या घरांच्या जागी साधूंनी प्रथम तीन वेदींचे एक लहान प्रार्थनामंदिर उभे केले आणि १५२१ मध्ये तेथे पवित्र आत्म्याला वाहिलेले चर्च झाले.

आज दिसते ते चर्च मात्र हे नव्हे. जुने चर्च उतरवून त्याच जागी १६६१ मध्ये सध्याची वास्तू बांधण्यात आली. आपल्याकडे उंबरखिंडीची लढाई झाली, ते हे वर्ष. नवे चर्च बांधताना जुन्याचे प्रवेशद्वार तेवढे मोडले नाही, ते नव्या दर्शनी भिंतीत जसेच्या तसे बसवले. या द्वाराविषयी आणखी एका वाचकाने विचारले आहे, म्हणून ते पुढे घेतो.

चर्चचे तोंड पश्चिमेकडे आहे. त्याच्या पलीकडे असलेल्या से कॅथेड्रलचे तोंड पूर्वेकडे आहे आणि दोहोंच्या मध्ये आर्चबिशपांचा जुना वाडा येतो. त्यामुळे मैदानातून चालताना एक मोठा, सलग समूह दिसतो आणि कोणती भिंत कोणाची हे पटकन कळत नाही. चर्चच्या आत सभागृहाच्या दोन्ही बाजूंना तीन तीन उपमंदिरे आहेत आणि त्यांना विभागणाऱ्या जाड भिंतींवर फुलावेलींची रंगीत चित्रे आहेत. मुख्य वेदीच्या दोन्ही अंगांना लाकडी फलकांवर संत फ्रान्सिसच्या चरित्रातील प्रसंग रंगवलेले आहेत. वेदीवर संत फ्रान्सिसची आणि क्रुसावरील येशूची अशा दोन मोठ्या मूर्ती असून त्यांच्याखाली दारिद्र्य, नम्रता आणि आज्ञापालन ही तीन व्रते कोरलेली आहेत. सोन्याचा मुलामा दिलेल्या त्या भव्य मखरात 'दारिद्र्य' हा शब्द वाचताना माणूस थबकतो. मी तेथे बराच वेळ उभा होतो. मठात राहणाऱ्यांनी स्वतःच्या कोठडीसाठी काय ठेवले आणि देवासाठी काय उभे केले, यांतले अंतर त्या एका ठिकाणी नजरेत भरते.

आता आपल्या चौकाविषयी. आजोळच्या वाड्याची आपल्याला झालेली आठवण अस्थानी नाही. फ्रान्सिस्कन मठाची रचना आपल्या चौसोपी वाड्यासारखीच आतल्या चौकाभोवती केलेली असते. चौकाच्या चारही बाजूंना कमानींच्या पडव्या असतात. एका बाजूला चर्च असते आणि उरलेल्या बाजूंना सभेची खोली, भोजनगृह, कोठार आणि वरच्या मजल्यावर साधूंच्या झोपण्याच्या कोठड्या असतात. फरक हेतूचा आहे. वाड्याचा चौक घरकामासाठी आणि कुटुंबासाठी असतो, तर मठाचा चौक मौनाने फेऱ्या घालण्यासाठी, वाचनासाठी आणि दिवसरात्रीच्या ठरलेल्या प्रार्थनांना चर्चमध्ये भिजल्यावाचून पोहोचण्यासाठी असतो. गोव्याच्या पावसात हा शेवटचा उपयोग किती मोलाचा ठरला असेल, हे वेगळे सांगायला नको. त्याच पडव्यांमध्ये आज वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळा, आणि सतीशिळा मांडलेल्या आहेत.

प्रश्न : ज्यांचे शव जुन्या गोव्यात ठेवले आहे, त्याच संत फ्रान्सिसचे हे चर्च आहे का?
(जुळे सोलापूर येथील महाविद्यालयीन विद्यार्थी)

उत्तर : नाही. नाव एकच असल्याने हा गोंधळ नेहमी होतो. या मठाशी संबंधित संत फ्रान्सिस हे इटलीतील असिसी गावचे. जन्म सुमारे ११८२, मृत्यू १२२६. कापडाच्या श्रीमंत व्यापाऱ्याच्या या मुलाने सर्व संपत्ती सोडली आणि भिक्षेवर जगणाऱ्या साधूंचा पंथ स्थापन केला. ज्यांचे शव बॉम जीझस बॅसिलिकेत आहे ते संत फ्रान्सिस झेवियर जेझुइट पंथाचे होते. ते १५४२ मध्ये गोव्यात आले आणि १५५२ मध्ये वारले. ते गोव्यात पोहोचले तेव्हा फ्रान्सिस्कन साधू तेथे पंचवीस वर्षे राहत होते.

प्रश्न : मागील लेखात आपण 'मठ' हा शब्द वापरला आहे, पण इंग्रजी माहितीत तेथे 'कॉन्व्हेंट' म्हटलेले आढळते. कॉन्व्हेंट म्हणजे नन राहतात ती जागा ना? मग येथे साधू कसे?
(एक वाचक, होटगी रस्ता)

उत्तर : आपल्याकडे 'कॉन्व्हेंट' म्हटले की इंग्रजी माध्यमाची शाळा आणि ती चालवणाऱ्या नन डोळ्यांसमोर येतात. तो अर्थ इंग्रजी अमलात रुजला. पोर्तुगीजांमध्ये मात्र 'कॉन्व्हेंतु' हा शब्द स्त्री आणि पुरुष अशा दोघांच्याही मठांना लावला जातो. भिक्षेवर जगणाऱ्या पंथांच्या पुरुष साधूंची घरे याच नावाने ओळखली जात. हे साधू शेतजमिनी राखून रानावनात एकांतात राहणारे नव्हते. ते शहराच्या मध्यात राहत, लोकांत प्रवचन करत आणि भिक्षा मागत. सोलापूरच्या वाचकाला हे समजावून सांगणे अवघड नाही, कारण मठ म्हणजे वस्तीपासून तुटलेली जागा नव्हे आणि भिक्षा म्हणजे लाचारी नव्हे, हे जंगमांच्या परंपरेमुळे या शहराला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. म्हणूनच मी 'मठ' हा शब्द निवडला.

नन राहत असलेली वास्तूही जुन्या गोव्यात आहे. सांता मोनिका हा तो स्त्रियांचा मठ. त्याची स्थापना १६०६ मध्ये झाली. त्याचा उल्लेख खाली पुन्हा येईल.

प्रश्न : चर्चच्या जमिनीत ठिकठिकाणी थडग्यांच्या शिळा बसवलेल्या आहेत आणि लोक त्यांवरून चालतात. आमच्या आईने तर चपला काढून, शिळा चुकवत चुकवत वाट काढली. आम्ही नकळत कोणाचा अपमान तर केला नाही ना?
(विजापूर वेस परिसरातील एक वाचक)

उत्तर : आपल्या मातोश्रींची भावना मला फार मोलाची वाटते. तरीही मनात अपराध बाळगण्याचे कारण नाही. मठाच्या चर्चमध्ये, वेदीच्या जितके जवळ होईल तितके जवळ आपले दफन व्हावे, अशी त्या काळच्या मानकऱ्यांची इच्छा असे. साधूंच्या रोजच्या प्रार्थनेचे पुण्य लाभावे हा त्यामागचा हेतू होता. प्रार्थनेला येणाऱ्यांची पावले शिळेवरून जाणार, हे त्यांना माहीत होते आणि ते त्यांनी नम्रतेचा भाग म्हणून स्वीकारलेले होते. आपल्या जिल्ह्यातच, पंढरपुरात, नामदेवांची पायरी आहे. विठ्ठलाच्या दर्शनाला जाणाऱ्यांची पायधूळ लागावी म्हणून महाद्वारी समाधी घेण्याची ती भावना आणि ही भावना यांच्यामागील तत्त्वज्ञान वेगळे असले, तरी भक्तांच्या पावलांखाली राहण्याची ओढ सारखीच आहे. आपण नामदेवांच्या पायरीवर पाय देत नाही, ती ओलांडून जातो. आपल्या आईने तेथेही तेच केले.

या शिळा जरा वाकून पाहण्यासारख्या आहेत. मी एकीवरून बोट फिरवून पाहिले. मध्यभागी ढाल, तिच्यावर शिरस्त्राण आणि भोवती पिसांसारखी पाने कोरलेली होती. ही त्या घराण्याची निशाणी. खालची अक्षरे इतकी झिजली होती की डोळ्यांपेक्षा बोटालाच ती आधी समजत होती. अशा शिळांवर 'सेपुल्तुरा', म्हणजे थडगे, हा शब्द वारंवार येतो आणि बहुधा हे थडगे अमक्याचे व त्याच्या वारसांचे आहे, असे लिहिलेले असते. म्हणजे ती जागा एका माणसाची नसून घराण्याची मिरास असे.

प्रश्न : सगळी इमारत पांढरी आणि दरवाजा तेवढा काळपट, असे का? आमच्याकडे किल्ल्यापासून जुन्या वाड्यांपर्यंत सगळे काळ्या दगडाचे. तिकडे तो दगड मिळत नाही का?
(बांधकाम व्यवसायातील एक वाचक, अक्कलकोट रस्ता)

उत्तर : गोव्याचा हाताशी असलेला दगड म्हणजे जांभा. खाणीतून काढताना तो मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने त्याचे चिरे पाडता येतात आणि हवा लागल्यावर तो कडक होतो. मात्र तो सच्छिद्र असल्याने पाणी पितो. सोलापूरच्या कितीतरी पट पाऊस कोसळणाऱ्या प्रदेशात उघडा जांभा टिकत नाही, म्हणून त्याला चुन्याचा गिलावा देतात. हे चर्चही जांभ्याचे आहे आणि त्याचा पांढरा रंग म्हणजे त्याचे संरक्षक कवच आहे. १९५०च्या दशकात जवळच्याच बॉम जीझस बॅसिलिकेचा गिलावा 'मूळ दगड दिसावा' म्हणून काढून टाकण्यात आला आणि तेव्हापासून त्या भिंतीची झीज हा जाणकारांच्या काळजीचा विषय झाला आहे. आपल्या व्यवसायातील मंडळींनी या दोन भिंती एकाच दिवशी, एकापाठोपाठ एक पाहाव्यात. मऊ दगडाला गिलावा का हवा, हे तेथे हात लावून कळते.

बारीक कोरीवकामाला मात्र जांभा चालत नाही, कारण त्याला धार धरत नाही. त्यासाठी कठीण दगड लागे आणि तो दुरून आणावा लागे. बॉम जीझसच्या दर्शनी भागातील काळा दगड तर थेट वसईहून समुद्रमार्गे आणलेला आहे. तेव्हा आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाने गोव्यापर्यंत प्रवास केला, असे म्हणायला हरकत नाही.

फ्रान्सिस्कन चर्चचा दरवाजा ज्या शैलीत आहे तिला पोर्तुगालचा राजा मानुएल पहिला (राज्यकाल १४९५ ते १५२१) याच्या नावावरून मानुएलीन शैली म्हणतात. वळसेदार कमान, गोल खांबांसारखी कड, फुलांची नक्षी आणि बाजूला खगोलाचे गोल. एकमेकांत अडकवलेल्या कड्यांचा हा गोल खलाशांचे ग्रहताऱ्यांचे साधन होते आणि तीच राजा मानुएलची निशाणी होती. पुढे ही शैली मागे पडली. पूर्ण चर्च उतरवणाऱ्यांनी एवढा एक दरवाजा वाचवला, याबद्दल मला त्यांचे मनापासून कौतुक वाटते. त्यांच्या दृष्टीने तो तेव्हाच सुमारे १४० वर्षांचा जुना आणि जुन्या पद्धतीचा झाला होता.

प्रश्न : या साधूंनी गोव्यात देवळे पाडली आणि कोकणी-मराठीवर बंदी आणली, असे वाचले आहे. त्यांच्या वास्तूचे एवढे कौतुक आपण का करता?
(मराठीच्या एक प्राध्यापिका, सोलापूर)

उत्तर : प्रश्न सरळ आहे आणि उत्तरही सरळच दिले पाहिजे. गोव्यात धर्मप्रसाराची विभागणी करताना सासष्टी जेझुइटांकडे आणि बारदेश फ्रान्सिस्कनांकडे सोपवण्यात आला. सोळाव्या शतकात बारदेशातील देवळे पाडली गेली, हिंदूंना पूजाअर्चेची बंदी झाली, पुष्कळांनी आपले देव घेऊन पोर्तुगीज हद्दीबाहेर स्थलांतर केले आणि या साऱ्यात या पंथाचा सहभाग होता. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने स्थानिक भाषेचा वापर सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकण्याचा हुकूम काढला, तोही फ्रान्सिस्कनांच्या आग्रहावरून. याच व्हाइसरॉयच्या काळात, नोव्हेंबर १६८३ मध्ये, छत्रपती संभाजी महाराजांनी जुवे बेट जिंकले होते आणि गोवा शहर धोक्यात आले होते. जुन्या शहरापासून जवळच, पाण्यापलीकडे हे बेट आहे. मठातील साधूंनी त्या दिवसांत कोणत्या मनःस्थितीत प्रार्थना केली असेल, याची कल्पना करता येते.

याच पंथातील गास्पार द सांव मिगेल या साधूने सतराव्या शतकात कोकणीचे व्याकरण रचले होते, हेही खरे आहे. एकाच छपराखाली भाषा शिकणारे होते आणि ती बंद पाडू पाहणारेही होते. दुसऱ्याचा दोष पहिल्याच्या अभ्यासाने धुतला जात नाही. मला वास्तू जपावीशी वाटते ती त्यांच्या धोरणाचे समर्थन म्हणून नव्हे. ज्या घरातून ते धोरण पुढे रेटले गेले त्या घरात आज कदंबकाळातील वीरगळ उभे आहेत, त्यांतील काहींवर नौकायुद्धाचे प्रसंग कोरलेले आहेत, आणि पोर्तुगीज येण्यापूर्वीचा गोवा त्या पडव्यांमधून आपल्याकडे पाहतो. सोलापूर जिल्ह्यातील गावोगावच्या पारांवर वीरगळ पाहत वाढलेल्या माणसाला तेथे परके वाटत नाही.

प्रश्न : साधू गेले कधी? आणि जुन्या गोव्यातील इतक्या इमारती नाहीशा झाल्या असताना हा मठ कसा राहिला?
(निवृत्त बँक कर्मचारी, सात रस्ता)

उत्तर : साधूंना जावे लागले ते पोर्तुगालमधील घडामोडींमुळे. तेथील यादवी युद्धात १८३४ साली उदारमतवादी पक्ष विजयी झाला. मंत्री जुआकिं आंतोनियु द आगियार याच्या हुकमाने पुरुष साधूंचे सर्व मठ बरखास्त झाले आणि त्यांची मालमत्ता सरकारजमा झाली. या हुकमामुळे त्याला 'साधूंचा मारेकरी' अशा अर्थाचे टोपणनाव पडले. गोव्यात १८३५ मध्ये त्याची अंमलबजावणी झाली आणि ३१८ वर्षांचा फ्रान्सिस्कन वास संपला. स्त्रियांच्या मठांना मात्र नव्या नन घेण्याची बंदी झाली, पण असलेल्यांना मरेपर्यंत राहू देण्यात आले. सांता मोनिकातील शेवटची नन १८८५ मध्ये वारली.

शहर त्याआधीच ओसाड पडू लागले होते. साथींनी वस्ती विरळ झाली, व्हाइसरॉयने १७५९ मध्ये आपला मुक्काम पणजीला हलवला आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. रिकाम्या मठांचे छप्पर प्रथम जाते, मग पावसाचे पाणी भिंतीत उतरते आणि उरलेले चिरे दुसऱ्या बांधकामाला नेले जातात. संत ऑगस्टीनच्या मठाच्या चर्चचे छत १८४२ मध्ये कोसळले आणि आज त्याच्या एका उंच मनोऱ्याचा अर्धा भाग तेवढा उभा आहे. फ्रान्सिस्कन मठ मात्र कॅथेड्रल आणि आर्चबिशपांचा वाडा यांच्या सान्निध्यात, माणसांच्या वावरात राहिला. गोवा मुक्त झाल्यानंतर १९६४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने तेथे संग्रहालय सुरू केले आणि १९८६ मध्ये 'गोव्याची चर्चे आणि मठ' जागतिक वारसा यादीत गेले, त्यात ही वास्तूही आहे. वरच्या मजल्यावर व्हाइसरॉय आणि गव्हर्नर यांची तैलचित्रे आहेत. ही चित्रमालिका १५४७ मध्ये व्हाइसरॉय जुआंव द कास्त्रो याने सुरू केली. अल्बुकर्कचा पूर्णाकृती ब्राँझ पुतळाही याच संग्रहालयात आहे. माझी विनंती एवढीच की चित्रे पाहताना मध्ये मध्ये मान वळवून भिंतींची जाडी, खिडक्यांचे कोनाडे आणि खालचा चौक हेही पाहावे.

प्रश्न : वसईच्या किल्ल्यातही फ्रान्सिस्कनांचा मठ होता ना? तो मराठ्यांनी पाडला का?
(इतिहासप्रेमी वाचक, पंढरपूर)

उत्तर : होता. संत अंतोनीच्या नावाचे त्याचे चर्च भग्नावस्थेत आजही पाहता येते. चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये वसई घेतली ती तहाने. किल्ल्यातील लोकांना आणि पाद्र्यांना आपले सामान घेऊन सन्मानाने बाहेर पडू देण्याची अट त्या तहात होती. चर्चच्या घंटा मात्र मराठ्यांनी आणल्या. भीमाशंकर, मेणवली, पाली आणि नाशिकचे नारोशंकराचे मंदिर येथे अशा पोर्तुगीज घंटा आहेत. साधू गेल्यावर मठात राहणारे कोणी उरले नाही आणि त्याची पडझड होत गेली. लाकडी छप्पर नाहीसे झाले, भिंतींत पिंपळ शिरला. गोव्याप्रमाणेच तेथेही जमिनीत पोर्तुगीज अक्षरांच्या शिळा आहेत, पण त्या उघड्या आभाळाखाली, पावसाळ्यात गवतात बुडालेल्या असतात.

सोलापूरहून गोव्याला निघणाऱ्या वाचकांसाठी एक सूचना : पुरातत्त्व विभागाची अशी संग्रहालये सहसा शुक्रवारी बंद असतात, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करून जुन्या गोव्याचा दिवस ठरवावा आणि या चर्चसाठी व मठासाठी मिळून किमान दोन तास राखून ठेवावेत.